ओळ एकेचाळीस

रात्री अकराला मी त्याला पेटीतून काढते.
पट्टा ओढून बघते, बॅटरी बघते,
ब्रशात अडकलेली कालची कुसळं
जुन्या टूथब्रशनं एकेक उपटते.
धूळ पुसणाऱ्याचीही धूळ कुणी पुसायची असते,
हे आयटीआयच्या पुस्तकात नव्हतं.

मग मी आणि रंगूबाई मेश्राम
त्याला दोन्हीकडून धरून पहिल्या ओळीवर ठेवतो.
बावीस किलो.
"माह्या बकरीएवढा," ती म्हणते,
"पन बकरी पाय तरी झाडते."

तो निघतो. घर्र घर्र.
चाळीस काचा जाऊन, चाळीस परत.
मागे चांदण्यात एक ओला वाटणारा पट्टा,
पाण्याचा थेंब नसताना.
लांब दारव्ह्याचे दिवे, अध्येमध्ये टिटवी,
आणि आम्ही त्याच्या शेजारून चालत,
लहान पोराला सायकल शिकवावी तसं.

आधी या कामाला चौदा बाया होत्या.
पहाटे तीनपासून, काच तापायच्या आत,
टँकरचं पाणी, लांब दांड्याचे वायपर,
मान वर, हात वर, परकराचा काठ चिखलात.
"सपनातबी काचच दिसे," रंगूबाई सांगते.
"झोपीत हात हाले. मालक म्हने,
गोधडी काहून पुसून राह्यली वं?"
आता हात हलत नाही म्हणते.
खांदाही दुखत नाही.
हे ती दोनदा सांगते,
जसं मी विश्वास ठेवणार नाही.

चौघी उरल्या.
दोघी जिनिंगवर गेल्या, एक अंगणवाडीत खिचडी शिजवते.
बाकीच्यांचं मला माहीत नाही.
विचारायला हवं होतं.

त्याला कंटाळा येत नाही.
मला येतो.
तो सरळ जातो, मी सरळ जाताना बघते,
आणि सकाळी फॉर्म भरते:
ओळी किती, वेळ किती,
शेवटचा रकाना, मानवी हस्तक्षेप.
साहेबांना तिथं शून्य आवडतं.

पण ओळ एकेचाळीस.
सव्विसाव्या काचेपाशी तो थांबतो,
लाल दिवा लावून उभा, रोज, तिथंच.
पुण्याहून दोन मुलं आली.
सेन्सर बदलला, प्रोग्राम बदलला,
कॅप काढून डोकं खाजवलं, चहा घेतला, गेली.
रात्री पुन्हा लाल दिवा.

रंगूबाई खाली बसून तंबाखू मळत होती.
"त्याले काय झालं नाई," ती म्हणाली.
"तिथं येसनसुऱ्यायची इहीर होती.
मी निंदाले येत होती ना इथं, पराटीत.
मुरूम टाकून बुजवली.
काळी माती हाय बाई, पावसात फुगते,
उनात फाटते,
थे काय एका जागी बसते?"

"पुण्याच्या पोरांना का नाही सांगितलं?"

"त्यायनं इचारलं कुठी?"

मी पाठीवर झोपले, टॉर्च तोंडात धरून.
खांब दोन बोटं कलला होता.
दोन बोटं.
आम्ही दिवसा त्याच्याखालून शंभरदा गेलो असू.

बाभळीची पाचर रंगूबाईनंच तासली,
विळ्यानं, न मोजता.
मी नट ढिला केला, तिनं दगडानं ठोकली,
पुन्हा आवळलं.
तो आला, सव्विसावर जरा अडखळला,
आमच्या दोघींचे श्वास थांबले
आणि गेला. घर्र घर्र,
जसं कधी काही नव्हतंच.

"पुढच्या पावसात अजून हालन," ती म्हणाली,
आणि विळा साडीला पुसला.

सकाळी रकान्यात शून्य लिहिता आलं असतं.
मी एक लिहिलं.
शेऱ्यात लिहिलं: विहीर.

दहाला साहेबांचा फोन आला.
शेरा समजला नाही म्हणाले.
मी म्हटलं, सर, रंगूबाईला देऊ का फोन?